आधी फाइल दाखवा

जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत ‘सिंगल ओनर, फक्त १८ हजार चाललेली, शोरूम कंडिशन’ ही ओळ हमखास असते. गाडी पंधरा वर्षांची असेल तर १८ हजार म्हणजे महिन्याला जेमतेम शंभर किलोमीटर. घेणारा या आकड्यावर भुलतो आणि विकणारा त्याच आकड्याचे जादा पैसे मागतो. मला असा आकडा दिसला की पहिला प्रश्न पडतो: उरलेला सगळा काळ ही गाडी कुठे आणि कशी उभी होती?

उभी गाडी सुरक्षित, हा आपल्याकडचा पक्का समज आहे. प्रत्यक्षात इंजिन पुरते तापण्याआधीच बंद केले, की ज्वलनातून तयार झालेले पाणी आणि अर्धवट जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. लांबच्या फेरीत ऑइल तापते आणि हा ओलावा उडून जातो. रविवारी सकाळी सोसायटीभोवती एक चक्कर मारून पुन्हा झाकून ठेवलेल्या गाडीत तो साठत राहतो. रबरी सील कोरडे पडून आक्रसतात. ब्रेकच्या कॅलिपरमधले पिस्टन अडकतात. बॅटरी मरते, आणि व्होल्टेज घसरले की इलेक्ट्रॉनिक्स भलतेसलते कोड दाखवू लागते. टायर एका बाजूला चपटे होतात. आणि आपल्या शहरांत उंदीर आहेत. बंद बॉनेटखालची वायरिंग त्यांनी कुरतडली की नवा हार्नेस मागवावा लागतो आणि मूळ बिघाड शोधण्यात आठवडे जातात. मीटर मागे फिरवता येते, ही गोष्ट वेगळीच.

म्हणून पंधरा वर्षांत ७० हजार चाललेली, दरवर्षी ऑइल बदललेली, प्रत्येक कामाचे बिल जपलेली गाडी मी १८ हजारवालीच्या आधी घेईन. या व्यवहारात गाडीच्याही आधी तिची फाइल बघावी. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कुठल्या गॅरेजात काय काम झाले, हे सलग वाचता आले पाहिजे. मधली तीन वर्षे कोरी असतील तर त्या तीन वर्षांचे उत्तर मागावे. उत्तर मिळत नसेल तर भाव कितीही चांगला असो, पुढे जाऊ नये.

आपल्याकडे हा बाजार इतका लहान का, ते समजून घेतले की पुढची बरीच गणिते सुटतात. बाहेरून आयात होणाऱ्या महागड्या गाड्यांवर भारतात वर्षानुवर्षे शंभर टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त कर राहिला आहे. सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. तिच्यावरची करमाफी वादात सापडली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर एक कोटीहून अधिक रकमेचा कर फियाट कंपनीने भरला. ती गाडी २०११ मध्ये सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. भेट मिळालेल्या गाडीची ही कथा, तर विकत आणणाऱ्याचे काय होत असेल! वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर नियम आणखी कडक आहेत: ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगची हवी आणि बनून तीन वर्षांहून जास्त झालेली नको. कित्येक दशके जुन्या व्हिंटेज गाड्यांचा विषय निराळा. त्यामुळे जपानमधली वीस वर्षांची होंडा एस२००० कंटेनरमध्ये भरून न्हावा-शेवाला उतरवावी, हा सरळ मार्ग सामान्य माणसाला उपलब्धच नाही.

परिणामी परदेशी मासिकांतला बराचसा सल्ला आपल्या उपयोगाचा उरत नाही. जुनी स्पोर्ट्स कार म्हटले की तिकडे पहिले नाव येते ते माझदा एमएक्स-५ म्हणजेच मियाटाचे. १९८९ पासून या दोन आसनी उघड्या गाडीचे दहा लाखांहून अधिक नग बनले. ती हलकी आहे, यंत्ररचना साधी आहे, सुटे भाग स्वस्त आणि मुबलक आहेत. इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी वाचकाने तिच्यापासूनच सुरुवात करावी; इंग्लंडात मात्र दारांखालच्या पट्ट्या आणि मागच्या चाकांच्या कमानी गंजल्या आहेत का, हे आधी बघावे, कारण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ तिथेच साचते. भारतात माझदाच्या गाड्या अधिकृतपणे कधी विकल्याच गेल्या नाहीत. आपल्या बाजारात फिरतात त्या मुख्यतः पोर्शे बॉक्स्टर, केमन आणि ९११, आउडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४, मर्सिडीज एसएलके, थोड्या निसान ३७०झेड आणि २०१६ नंतरच्या फोर्ड मस्टँग.

याखेरीज महाराष्ट्रात घडलेल्या वेगवान गाड्यांची एक फळी आहे आणि माझ्या मते पहिल्यांदा घेणाऱ्याने तिच्याकडे गांभीर्याने बघावे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट पालिओ १.६, शंभर अश्वशक्तीची, तिच्या काळात रस्त्यावरच्या भल्याभल्यांना मागे टाकणारी. रांजणगावातून आलेली पुंतो अबार्थ, १४५ अश्वशक्तीची. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २००४ ची १.८ टर्बो आणि पुढे २०१७ ची २३०. या दिसायला घरगुती गाड्या आहेत, कुटुंबातले पाच जण त्यांत बसतात, पण घाटात त्यांची खरी जात कळते. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडीही या यादीत हवी. १९९८ च्या सुमारास आलेली, फायबरची बॉडी आणि १.२ लिटरचे रेनोचे इंजिन असलेली. साठ अश्वशक्तीची गाडी स्पोर्ट्स कार कशी, असे कुणी विचारेल. वजन कमी असेल आणि डोक्यावर आकाश असेल तर साठही पुरतात.

आता पैशांकडे येऊ. जुन्या महागड्या गाडीचा भाव उतरतो, तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही. समजा, नवी असताना ८० लाखांना मिळालेली गाडी आज २० लाखांना मिळते आहे. तिच्या ब्रेक डिस्क, डॅम्पर, क्लच, हेडलाइट हे सगळे आजही ८० लाखांच्या गाडीचे आहे आणि त्याच दराने येते. २० लाख कसेबसे जमवून गाडी घेणारा पहिल्या मोठ्या कामाला अडतो, काम अर्धवट करून घेतो आणि वर्षभरात ती गाडी पुन्हा जाहिरातीत येते. अशा हातोहात फिरलेल्या गाड्या फाइल बघताच ओळखू येतात: मालक पाच, बिले दोन. हाती असलेल्या रकमेचा किमान पाचवा भाग, शक्य तर चौथा भाग, पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवून उरलेल्यात बसणारी गाडी शोधावी, असे माझे मत आहे. २० लाख असतील तर १५-१६ लाखांची.

एकाच नावाच्या, एकाच आकाराच्या गाडीत वर्षागणिक किती फरक पडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण पोर्शेचे आहे. १९९७ च्या आसपास पोर्शेने हवेने थंड होणारी इंजिने सोडून पाण्याने थंड होणारी नवी इंजिने आणली. पहिल्या बॉक्स्टरमध्ये आणि ९९६ या पिढीच्या ९११ मध्ये ती बसवली गेली. या इंजिनाच्या पोटात एक मधला शाफ्ट असतो. क्रँकशाफ्टकडून तो फिरतो आणि साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टना फिरवतो. त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. सीलच्या आतले ग्रीस कालांतराने धुऊन जाते, बाहेरचे ऑइल मात्र पुरेसे आत पोहोचत नाही. बेअरिंग फुटले की साखळ्यांचा मेळ बिघडतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि संपूर्ण इंजिन जाते. आधी फारशी सूचना मिळत नाही.

सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचे बेअरिंग होते. २००० च्या सुमारास एकेरी रांगेचे आले आणि २००५ पर्यंत राहिले. अमेरिकेत यावर खटला झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली. त्यात पुढे आलेल्या आकड्यांनुसार एकेरी बेअरिंगचे फुटण्याचे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होते, दुहेरीचे एका टक्क्याच्या. २००६ ते २००८ च्या इंजिनांत मोठे, बरेच भरवशाचे बेअरिंग आले, पण ते बदलायचे तर इंजिन पूर्ण खोलावे लागते. २००९ च्या नव्या इंजिनातून हा शाफ्टच काढून टाकला. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळ्या घराण्याचे इंजिन असल्याने त्यांना हा रोग नाही. म्हणजे २००८ ची आणि २००९ ची बॉक्स्टर शेजारी उभी केली तर अनोळखी माणसाला दोन्ही सारख्याच दिसतील, पण आतून त्या दोन निरनिराळ्या गाड्या आहेत. भारतात आरसीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष असते. २००८ मध्ये बनून २००९ मध्ये रस्त्यावर आलेली गाडी ‘२००९ मॉडेल’ म्हणून विकली जाते, तेव्हा हा फरक लाखमोलाचा ठरतो.

या बेअरिंगच्या बाबतीत अनुभवी मेस्त्री एक गोष्ट सांगतात आणि ती माझ्या मूळ मुद्द्याला धरून आहे. नियमित आणि इंजिन मोकळे चालवलेल्या गाड्यांत हा बिघाड कमी आढळतो. फार कमी चाललेल्या, शहरात खालच्या आरपीएमवर रेंगाळलेल्या आणि ऑइल वर्षानुवर्षे न बदललेल्या गाड्यांत जास्त. काही पोर्शे इंजिनांत, विशेषतः केमन एस आणि २००५ ते २००८ च्या ९११ मध्ये, सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याचा आणखी एक आजार आहे. त्यासाठी सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा सोडून बघावे लागते. एका बाजूच्या एक्झॉस्टच्या नळकांड्यावर काजळी जास्त दिसली, थंड इंजिनात टकटक ऐकू आली, की कॅमेऱ्याशिवाय पुढे जाऊ नये. या गाड्यांच्या संगणकात इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले याची नोंदही असते. ती नोंद काढणारे यंत्र अधिकृत वर्कशॉपमध्ये आणि काही चांगल्या खासगी गॅरेजांत मिळते. विकणारा ही तपासणी टाळत असेल तर त्याच्या नकारातच उत्तर मिळाले.

बाकीच्यांचे दुखणे थोडक्यात. आउडी टीटी आणि त्या काळातल्या दोन लिटर टर्बो इंजिनांत टायमिंग चेनचा टेन्शनर आणि ऑइल पिणे, दोन्ही बघावे. २००६ पर्यंतच्या साडेतीन लिटरच्या मर्सिडीज एसएलकेत बॅलन्स शाफ्टचा गिअर झिजतो, म्हणून इंजिन नंबर जुळवून बघावा. बीएमडब्ल्यूमध्ये प्लॅस्टिकचे कूलिंगचे भाग आपल्या उन्हात तडकतात. फोक्सवॅगन समूहाच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या डीएसजीला मुंबई-पुण्याची वाहतूककोंडी मानवत नाही; सहा गिअरची ओली डीएसजी, जी व्हीआरएस २३० मध्ये आहे, पुष्कळ दणकट आहे, फक्त ६० हजार किलोमीटरवर तिचे ऑइल बदलल्याचे बिल हवे. अबार्थला टायमिंग बेल्ट आहे. बदलल्याचा पुरावा नसेल तर बदललेला नाही असेच धरावे. फियाटने आणि फोर्डने इथला कारभार गुंडाळल्याने पुंतो आणि मस्टँग घेणाऱ्याने भाग कुठून मिळणार याची चौकशी गाडी बघण्याआधी करावी.

आपल्या हवेचा आणि रस्त्यांचा हिशेब तर कुठल्याच परदेशी पुस्तकात सापडणार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१५ मध्ये चेन्नईत तेच झाले. विमा कंपनीने निकालात काढलेल्या अशा गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात, कित्येकदा दुसऱ्याच राज्यात. बाहेरून त्या चकाचक असतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, आतल्या भागावर चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे आणि पायाखालच्या कार्पेटच्या खालचे बोल्ट गंजलेले आहेत का, स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, एसी लावल्यावर कुबट वास येतो का, हे बघावे. पुराच्या पाण्यातून आलेली आधुनिक स्पोर्ट्स कार कोणत्याही भावाला घेऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन. यंत्र दुरुस्त होते. वायरिंगच्या शेकडो जोडांत शिरलेला गंज वर्षानुवर्षे एकेक बिघाड बाहेर काढत राहतो.

कापडी छताच्या गाडीला पुराचीही गरज नाही. छताभोवतीचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या पानांनी आणि मातीने तुंबल्या की पाणी गाडीच्या आत उतरते. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये चावी ओळखणारा संगणक सीटखाली, जमिनीलगत बसवलेला आहे. तो भिजला की गाडी सुरूच होत नाही. म्हणून उघडी गाडी बघायची ती जून-जुलैत. हिवाळ्यात बघावी लागली तर छतावर पाइपने पाणी सोडून बघण्याची परवानगी मागावी. अलिबाग, रत्नागिरी किंवा गोव्यात समुद्रालगत राहिलेली गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय घेऊ नये. खालून बघताना आणखी एक गोष्ट कळते: गतिरोधकांवर टेकून टेकून पुढचा ओठ, ऑइलचे पॅन आणि एक्झॉस्ट किती घासले आहेत.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षीने नवे आणि वयाने म्हातारे असतात. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे करेरा जीटीच्या अपघातात गेला, तिचे टायर सुमारे नऊ वर्षांचे होते. पोलिसांच्या तपासात अतिवेग हे कारण ठरले आणि टायरच्या वयाचा उल्लेख त्याच्या जोडीला आला. सहा वर्षांपुढचे टायर असतील तर चारही नव्यांची किंमत भावातून वजा करून मागावी.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. आता देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतले बाष्प ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व सील यांना त्रास देते. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी रिकामी होऊन भरत राहते. महिनोन्महिने उभ्या गाडीत तेच पेट्रोल पडून राहते. इंधनाच्या नळ्या आणि पंप शेवटचे कधी बदलले, हे पूर्वी कुणी विचारत नसे. आता विचारावे.

तपासणीच्या दिवशी विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की मी येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागला तर थंड इंजिनातला साखळीचा खडखडाट आणि पहिल्या क्षणी निघणारा निळा धूर लपवण्याची सोय झाली, असे समजावे आणि दुसरा दिवस मागावा. ट्रायल गल्लीपुरती नको. निदान पाऊण तास, त्यात रहदारीही हवी आणि चढही. पुण्यात कात्रजचा घाट आहे, मुंबईकरांना खंडाळा आहे. एसी लावून घाट चढताना तापमानाचा काटा सरकत नसेल तर कूलिंगबद्दल अर्धी शंका फिटते. भर दुपारी, एप्रिल-मेमध्ये ही परीक्षा झाली तर उत्तम. मग गाडी लिफ्टवर. ही लिफ्ट विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजातली नको. त्याच बनावटीच्या गाड्या रोज खोलणाऱ्या मेस्त्रीला पैसे मोजून बोलवावे. त्याची फी गाडीच्या किमतीपुढे किरकोळ असते, आणि तो जे शोधून काढेल त्यातून भाव तरी कमी होतो किंवा खड्ड्यात पडणे तरी टळते. खरे तर असा मेस्त्री गाडीच्या आधी शोधायला हवा. आपल्या शहरात त्या बनावटीची गाडी हाताळणारा विश्वासू माणूस नसेल तर त्या बनावटीचा नाद सोडावा, हे मी नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या वाचकांना विशेष आग्रहाने सांगेन. प्रत्येक कामाला ट्रकवर चढून मुंबईला जाणारी गाडी मालकाला फार दिवस आनंद देत नाही.

कागदांवर मात्र रेंगाळायलाच हवे, कारण इंजिन दुरुस्त करता येते, सदोष कागद बहुधा येत नाहीत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क साध्या मोटारीला ५ हजार आणि आयात केलेल्या मोटारीला ४० हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते दुप्पट, म्हणजे १० हजार आणि ८० हजार करण्यात आले. चौदा वर्षांची बॉक्स्टर घेणाऱ्याच्या दाराशी हा खर्च वर्षभरात उभा राहतो. वर पर्यावरण कर वेगळा.

दिल्ली आणि परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि नंतरही तो विषय न्यायालयात फिरत राहिला. त्या भीतीने तिकडच्या गाड्या स्वस्तात विकल्या जातात आणि इकडे येतात. स्वस्त दिसतात, पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र, इथला नवा नंबर आणि महाराष्ट्राचा कर आला. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाड्यांवर आणि कंपनीच्या नावावरच्या गाड्यांवर एकरकमी कर २० टक्के आहे. वयानुसार तो कमी होतो, पण विकणाऱ्याच्या तोंडी हिशेबावर विसंबू नये, आरटीओतून आकडा काढून आणावा. इतका कर चुकवण्यासाठीच अनेक महागड्या गाड्यांची नोंदणी पुद्दुचेरीत झाली आणि पुढे केरळसारख्या राज्यांत त्यावर गुन्हे दाखल झाले. पीवाय नंबरची गाडी मुंबईत वर्षानुवर्षे फिरत असेल तर थकलेल्या कराचे झेंगट नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते.

आणखी गंभीर प्रकार म्हणजे ‘कार्ने’वर आलेल्या गाड्या. काही महिन्यांसाठी परदेशी पाहुण्याने आणलेली गाडी कर न भरता परत नेण्याच्या अटीवर येते. ती इथेच विकली गेली तर गाडी जप्त होते आणि घेणाऱ्याचे पैसे बुडतात. आयात गाडीसोबत सीमाशुल्क भरल्याचा कागद असलाच पाहिजे. चेसिस नंबर आरसीवर, दाराच्या खांबावर, काचेखाली आणि इंजिन खोलीत, असा जिथे जिथे असेल तिथे तिथे स्वतः वाचून जुळवावा. डिसेंबर २०२० मध्ये डीसी अवंती या देशी स्पोर्ट्स कारच्या संदर्भात मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तेव्हा गाडीच्या दुहेरी नोंदणीचे आणि एकाच गाडीवर अनेक कर्जे काढल्याचे आरोप पुढे आले. आरोपांचा निकाल न्यायालय लावेल, घेणाऱ्याने मात्र कर्जाचा बोजा स्वतः तपासावा. वाहन पोर्टलवर बोजा दिसतो. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय विसाराच्या पुढे रक्कम देऊ नये. तुंबलेली ई-चलनेही तिथेच बघून घ्यावीत.

विकणाऱ्यासाठीही एक गोष्ट. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी. म्हणून कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दलालाकडे देणे दोघांनाही घातक आहे. विमाही खरेदीनंतर चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने बंदी आहे. सगळा व्यवहार बँकेतूनच.

गाडीत आधीच्या मालकाने केलेले फेरफार हा अनेकांना वरकड फायदा वाटतो. मला तो भाव कमी करण्याचा मुद्दा वाटतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ बनावटीत कंपनीच्या तपशिलाबाहेर बदल करता येणार नाही असे स्पष्ट केले. मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट किंवा संगणकात बदल करून वाढवलेली ताकद विम्याच्या दाव्यात आडवी येते, पासिंगला अडकते, आणि गिअरबॉक्स-क्लचने किती सोसले आहे याची खूणही तीच असते. मूळ भाग पेटीत जपून ठेवलेला मालक मात्र सावध असतो. त्याची गाडी बघायला हरकत नाही. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात, म्हणून कमी हप्त्याच्या मोहाने ती फार खाली आणू नये. बॉडीचा एखादा मूळ भाग आणि एक हेडलाइट यांतच ती रक्कम संपून जाते.

आज कुणी मला नेमके नाव विचारले, तर पहिल्या गाडीसाठी रांजणगावची अबार्थ किंवा शेंद्र्याची व्हीआरएस २३० सांगेन, आणि खिसा मोठा असणाऱ्याला २००९ नंतर बनलेली, हातगिअरची, फाइल भरलेली बॉक्स्टर. घरी आणल्यावर लगेच घाटात पळवू नये. इंजिन ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट, गिअर ऑइल, सगळे फिल्टर आणि बॅटरी पहिल्याच महिन्यात बदलावे, बेल्टची गाडी असेल तर बेल्टही. बदललेल्या प्रत्येक गोष्टीचे बिल तारीख आणि किलोमीटर लिहून फाइलला लावावे. मग दर पंधरवड्याला निदान तासभर गाडी बाहेर काढावी, इंजिन पुरते तापू द्यावे, आणि ऑइल गरम झाल्यावर काटा वर जाऊ द्यावा. ती त्यासाठीच बनलेली आहे.